एकाच वायरीचा मोडेम

हिंगोलीच्या दुकानात वैजनाथनं काउंटरवर दोन डबे शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा ज्योतीची निवड मनात झालेलीच होती. फक्त तोंडानं बोलायचं बाकी होतं.

"ताई, दोन्हीत सिम टाकायचं आन् दोन्हीला वर गच्चीवर अँटेना लागते," वैजनाथ समजावून सांगत होता. "साखऱ्याला घरात रेंज येत न्हाई, मला माहीत हाय. अँटेना उंच बांधली की काम होऊन जातं. फरक एवढाच का, ह्याच्यात वायफाय हाय, घरातले सगळे फोन चालतेत. आन् हा साधा. ह्याला मागं एकच भोक. वायर लावायची, थेट लॅपटॉपला जोडायची, बस्. घरासाठी हा आता कोणी नेत न्हाई."

"वायफायवाल्याचं वायफाय बंद ठेवता येतं का?"

"येतं ना. न्हाईतर पासवर्ड टाका." वैजनाथ हसला. "पण घरच्या माणसानं मागितला तर देणार न्हाई का?"

याच प्रश्नाला ज्योती भीत होती. बाबांनी पासवर्ड मागितला तर आपल्याला नाही म्हणता येणार नाही. आणि एकदा दिला की पुन्हा तेच सुरू होणार.

"साधा द्या," ती म्हणाली.

"बघा बुवा. पुढं कधी वाटलं तर एक लहान राऊटर न्या. ह्याच वायरीला जोडला की घरभर वायफाय."

"नाही लागणार," ज्योतीनं पटकन सांगितलं. डबा पिशवीत घालून ती बसस्टँडकडं निघाली.

तिची आई गेल्या पावसाळ्यात वारली होती. शेषराव साखऱ्याच्या घरात एकटे राहिले. ते एसटीत कंडक्टर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. ज्योती त्यांची एकुलती एक लेक. पुण्यात एका कंपनीत आजारपणाच्या विम्याची कागदपत्रं तपासायची नोकरी करत होती. बाबा नीट जेवत नाहीत, दिवसभर ओट्यावर बसून असतात, असं शेजारच्या मिराबाईनं फोनवर सांगितलं, तेव्हा तिनं कंपनीत अर्ज केला आणि घरून काम करायची परवानगी घेऊन गावी आली. गावात तिचं कौतुक झालं. "अशी लेक पायजे," मिराबाई येईल त्याला सांगायची. "पुणं सोडून बापापाशी आली."

सुरुवातीला ज्योती आपला फोन कापडी पिशवीत घालून गच्चीवरच्या गजाला टांगायची आणि त्याच्या नेटवर खाली लॅपटॉप चालवायची. शेषरावांनाही तिनं त्या नेटवर घेतलं होतं. मग त्यांचा दोस्त कोंडीबा कुस्त्या बघायला येऊ लागला. दोघं म्हातारे शेजारच्या खोलीत आवाज मोठा करून बसायचे. एकदा मोठ्या साहेबांची मीटिंग चालू असताना ज्योतीचं बोलणं मध्येच तुटलं. परत जोडलं, परत तुटलं. पलीकडच्या खोलीतून कोंडीबाचा आवाज येत होता, "चीत केला, चीत केला!" त्या दिवशी साहेबांनी सगळ्यांच्या देखत सुनावलं, की गावाकडून काम जमत नसेल तर पुण्याला परत या.

नोकरी तिला हवीच होती, आणि बाबांना सोडून परत जायचं नव्हतं. म्हणजे कामाला वेगळं नेट लागणार, हे खरंच होतं. पण तेवढंच खरं नव्हतं. बाबांना समोर बसवून "माझं काम चालू असताना फोन लावू नका" एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. त्यांच्या तोंडावर ते सांगायचं तिच्या जिवावर आलं होतं. आईविना राहिलेल्या माणसाला कशाला नाही म्हणा. म्हणून नाही म्हणायचं काम तिनं त्या मोडेमवर ढकललं.

घरी आल्यावर शेषरावांनी डबा उलटसुलट करून पाहिला.

"ह्याच्यावर माझा फोन चालंल का?"

"नाही बाबा. ह्याच्यात वायफायच नसतं. आपल्या भागात हेच मशीन चालतं, दुकानदारानं सांगितलं."

"बरं. तुझं काम तर होईल ना बराबर? मग झालं."

आणि ते कामाला लागले. कोंडीबाच्या मळ्यातून लांब बांबू आणला, गच्चीवर उभा केला, त्याला अँटेना बांधली. मोडेम जिन्याच्या कोनाड्यात ठेवला. तिथून ज्योतीच्या टेबलापर्यंत वायर आणायला भिंतीला भोक पाडावं लागणार होतं. शेषरावांनी छिन्नी-हातोडा घेऊन स्वतः ते पाडलं. डोक्यावर, मिशांवर सगळी धूळ. वायर कुठं लोंबायला नको म्हणून हातभर अंतरावर खिळे मारून ती भिंतीला धरून आणली. शेवटी ज्योतीनं लॅपटॉपला जोडली आणि पडद्यावरचं पान क्षणात उघडलं, तर ते टाळी वाजवून हसले.

"मोठं काम झालं बाई," ते म्हणाले. ज्योतीनं त्यांना पाण्याचा तांब्या दिला. त्यांच्या डोळ्याला डोळा काही तिला देता आला नाही.

काम सुरळीत चालू झालं. फोन गच्चीवर टांगणं ज्योतीनं बंद केलं. साहेबांची बोलणी बंद झाली. शेषराव मात्र आता रोज दुपारी फोन घेऊन बाहेर जायला लागले. गावाच्या वरच्या अंगाला टेकाडावर पाण्याची टाकी आहे, तिथं रेंज बरी येते. ज्योतीला वाटलं, कोंडीबासोबत कुस्त्या बघत बसत असतील. उन्हात जाऊ नका, असं ती दोनदा म्हणाली. ते "व्हय व्हय" म्हणाले आणि टोपी घालून गेले.

एके दिवशी मिराबाई ताक घेऊन आली. "जोती, तुझे बाबा टाकीपाशी एकटेच फोनवर बडबड करून राहतेत. गावाची नावं घेत राहतेत. बघ बाई, बरं हाय ना त्याहिचं?"

ज्योती त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या मागं गेली. शेषराव टाकीच्या सावलीत दगडावर बसले होते. फोन तोंडासमोर लांब धरलेला. ती मागून जवळ आली तेव्हा तिला पडद्यावर भागूबाई आत्या दिसली. शेषरावांची ही थोरली बहीण कुरुंद्याला राहायची. दिवाळीच्या आसपास तिला अर्धांगाचा झटका आला होता आणि वाचा गेली होती. ज्योती एकदा तिला बघून आली होती. त्यानंतर कामाच्या नादात तिकडं जाणं झालं नव्हतं.

"चला, बसा, बसा," शेषराव कंडक्टरच्या जुन्या आवाजात म्हणत होते. "सेनगाव उतरा... सेनगाव. हिंगोली कोण हाय? हिंगोली. औंढा... औंढावाले पुढं या. आता शिरड शहापूर. अक्का, ध्यान हाय ना? पुढचं कोणतं?"

पडद्यावर आत्यानं उशीवरून एक हात हळूहळू वर केला. तिच्या तोंडाची एक बाजू हसली.

"आलं कुरुंदा! उतरा आता, तुमचं गाव आलं!"

एवढ्यात चित्र थांबलं. आत्याचा हात अर्धवट वर तसाच राहिला. शेषरावांनी फोन हलवला, उभे राहिले, उन्हात दहा पावलं पुढं गेले, फोन डोक्यावर धरला. मागं वळले तर ज्योती उभी.

"तू काहून आली उन्हात?" ते म्हणाले. मग थोडे लाजले. "अक्काला बोलता येत न्हाई. नुस्ता आवाज ऐकवला तर ती कावरीबावरी होते, इकडं तिकडं बघते. तोंड दिसायला पायजे. शिला, सून तिची, फोन धरते बिचारी रोज. पण ही रेंज येती-जाती, मधीच तुटते."

"मला सांगितलं नाही तुम्ही."

"त्यात काय सांगायचं? तुला काम असतं."

परत येताना ज्योती त्यांच्या मागून टेकाड उतरत होती. तिथंच, त्या उतारावर, खरं सांगून टाकावं असं तिला वाटलं. पण बोलायचं कसं? की मशीन दुसरंही होतं, मीच हे घेतलं? भोक पाडताना धूळ खात होतात, तेव्हा मी गप्प होते? तिनं ठरवलं, रविवारी हिंगोलीला जाऊन राऊटर आणायचा. नवीन निघालंय म्हणून सांगायचं. म्हणजे बाबांना घरात बसून आत्याशी बोलता येईल आणि आपलं झाकलेलंही झाकलेलं राहील.

त्या रविवारी कंपनीनं जास्तीचं काम लावलं. मार्चअखेर जवळ आली होती, दाव्यांचा ढीग साचला होता. पुढच्या रविवारी जाऊ, असं तिनं मनाशी म्हटलं. पुढचा रविवारही तसाच गेला.

त्याच सुमारास शेषरावांचा गुडघा सुजला. टेकाड चढणं सोडाच, न्हाणीपर्यंत जाताना भिंत धरावी लागायची. डॉक्टरांनी पाय हलवू नका म्हणून सांगितलं. ते खाटेवर पडून राहायचे. अंगणात बोलण्यापुरती रेंज यायची, तेवढ्यावर शिलाला फोन करून "अक्का जेवली का?" एवढं विचारायचे, आपल्या गुडघ्याचं सांगायचे नाहीत.

एका सकाळी ज्योतीचं दार लावलेलं होतं. ती कानाला हेडफोन लावून एका पुण्यातल्या पोरीला काम समजावून देत होती. दारावर हळू टकटक झाली.

"जोती, काम हाय का?"

"हो बाबा, चालू आहे. काय?"

"काही न्हाई. ती तुझी वायर हाय ना, ती घटकाभर माझ्या फोनला लावता येती का? अक्काला नुस्तं तोंड दाखवलं असतं. शिला म्हनती, ती जेवून न्हाई राहिली."

ज्योतीनं माईक बंद केला. हेडफोनमध्ये ती पोरगी "मॅडम, मॅडम" करत होती.

"नाही हो बाबा. ती वायर फोनला नाही लागत. त्या मशीनमध्ये ते नाहीच."

"बरं, बरं. चालू दे तुझं."

पाय ओढत ते परत गेले, ते तिला आतून ऐकू आलं. पूर्वीसारखा आपला फोन गच्चीवर टांगून, लॅपटॉपवर, कसंही करून काही जमवता येतं का, हे तिनं बघितलंसुद्धा नाही. कंपनीच्या लॅपटॉपवर बाहेरचे कॉल बंद होते, हे खरं. पण लॅपटॉप सोडून उठायला, बाबांना गाडीवर बसवून टाकीपाशी न्यायला कोण आडवं आलं होतं? कोंडीबाची मोटारसायकल दारातच उभी होती. हे सगळं तिला नंतर सुचलं. तेव्हा सुचलं ते एवढंच, की आता रविवारी नक्की जायचं.

रविवार यायच्या आधी कुरुंद्याहून फोन आला. आत्या गेली.

शेषराव रडले नाहीत. "चल," म्हणाले आणि टोपी शोधायला लागले. कोंडीबानं ओळखीच्या माणसाची जीप आणली. त्या सुजलेल्या पायानं शेषराव जीपमध्ये चढले आणि सगळी वाट खिडकीतून बाहेर बघत राहिले. कुरुंद्यात हळद शिजवायचे दिवस होते. गावात शिरताच शिजलेल्या हळदीचा ओला, मातट वास आला. आत्याचा मुलगा प्रमोद दाराशी उभा होता, हात कोपरापर्यंत पिवळे. तो शेषरावांच्या गळ्यात पडला.

अंत्यविधी आटोपल्यावर बायका आत बसल्या होत्या. शिला, प्रमोदची बायको, शेषरावांसाठी चहा घेऊन आली आणि त्यांच्या पायाशीच बसली.

"मामा, शेवटचे दिवस लई वाट बघितली हो तुमची. दुपार झाली की माझ्या फोनकडं बोट करायच्या. मी फोन समोर धरला की बघत राहायच्या, तोंड दिसलं न्हाई की डोळे मिटून घ्यायच्या. घास तोंडात घेत न्हवत्या. मी म्हनायची, मामाचं काम असंल."

"गुडघा सुजला होता बाई," शेषराव म्हणाले. "टाकीपर्यंत जाता येत न्हवतं. घरात रेंज न्हाई. जोतीचं मशीन हाय, पण त्यात ते नसतं. तिनं तरी काय करावं?"

शिलानं मान हलवली. "खरं हाय. ताई तरी काय करणार?"

ज्योती उठून मागच्या अंगणात गेली. तिथं चुलवाणावर मोठी कढई तशीच होती, खालचा जाळ विझलेला. तिला रडूही येईना. बाबा आपल्यासाठी खोटं बोलले असते तरी एवढं लागलं नसतं. ते खरं समजूनच बोलत होते.

येताना जीपवाला औंढ्याला चहासाठी थांबला. कोंडीबा आणि तो टपरीवर गेले. बापलेक गाडीतच बसून राहिले.

"बाबा," ज्योती म्हणाली. "त्या मशीनमध्ये वायफाय नसतं हे खरं आहे. पण दुसरं होतं. वायफायवालं. त्याच दुकानात, शेजारीच ठेवलं होतं. मी मुद्दाम हे घेतलं."

शेषराव तिच्याकडं वळले.

"काहून?"

"तुम्ही नेट मागू नये म्हणून. माझी मीटिंग तुटली होती त्या दिवशी... तुम्हाला नाही म्हणायला जीभ रेटेना. म्हणून म्हटलं, मशीनच असं घ्यावं. आणि नंतरही करता आलं असतं. एक लहान डबा आणून जोडला असता तर घरभर चाललं असतं. मला माहीत होतं. टाकीपाशी तुम्हाला बघितलं, त्याच्या आधीपासून माहीत होतं."

बाहेर कोणीतरी एसटीच्या मागं धावत होतं. शेषराव तिकडं बघत होते, पण त्यांना ते दिसत नसावं.

"भिताडाला भोक मीच पाडलं ना?" ते म्हणाले.

"हो."

त्यांनी मान हलवली. "मला सांगितलं असतंस, का बाबा, माझ्या कामाच्या वक्ताला लावू नका. म्या लावलं नसतं. कोंडीबाला बी सांगितलं असतं. मला एवढं कळत न्हाई का?"

"कळतं, बाबा."

"आन् त्या दिवशी म्या इचाराया आलो, तर तू दार बी उघडलं न्हाई. न्हाईच म्हनायचं व्हतं तर दार उघडून म्हनायचं."

ज्योतीला हुंदका आला. शेषरावांनी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही, आणि रागावलेही नाहीत. कोंडीबा दोन चहा घेऊन आला. शेषरावांनी एक तिच्या हातात दिला, एक आपण घेतला. गाडी निघाली.

साखऱ्याला आल्यावर बरेच दिवस ते कामापुरतंच बोलले. भाकर झाली का, गोळी कुठं ठेवली, लाईट गेली का. ज्योतीनं वैजनाथकडून राऊटर आणला, त्याच वायरीला जोडला आणि बाबांच्या फोनमध्ये स्वतः पासवर्ड टाकून दिला. शेषरावांनी फोन घेतला आणि उशाला ठेवून दिला. कोणाला लावायचा, असं त्यांनी विचारलं नाही. पण ज्योतीला ते ऐकू आलं.

आत्याच्या दिवसांच्या विधीला, पुण्यानुमोदनाला, दोघं पुन्हा कुरुंद्याला गेले. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली. भांडी घासताना ज्योतीनं शिलाला सगळं सांगितलं. कोणी सांग म्हटलं नव्हतं. शिलाचा हात ताटावर थांबला.

"मी मामाला दोष देत होते मनात," ती म्हणाली. तिनं ज्योतीला समजावलं नाही, टोचलंही नाही. ताटं धुऊन पालथी घातली आणि आत गेली. निघताना मात्र तिनं ज्योतीच्या पिशवीत ओल्या हळदीची गाठोडी ठेवली, दरवेळी माहेरवाशिणीला ठेवतात तशी.

उन्हाळा सरत आला तसा शेषरावांचा गुडघा बरा झाला. शिलाची धाकटी नुकतीच बोलायला लागली होती. तिला आजोबाचा आवाज ऐकायचा असतो, असं शिलानंच एकदा फोनवर सांगितलं. तेव्हापासून ते दुपारी कुरुंद्याला फोन लावतात, पोरीला हसवतात. ज्योती आता खोलीचं दार लावत नाही. हेडफोन लावून बसते.

पण फोन लावायच्या आधी शेषराव रोज तिच्या दारात येऊन उभे राहतात. चपला बाहेर काढून ठेवतात, जणू दुसऱ्याच्या घरी आले आहेत.

"जोती, लावू का?"

"लावा ना बाबा. विचारता काहून? तुमचंच आहे."

"न्हाई, तुझं काम असंल म्हनून इचारलं."

ते टोमणा मारत नाहीत. ज्योतीनं त्यांच्या चेहऱ्याकडं नीट निरखून बघितलं आहे, त्यात टोमणा नसतो. त्यांनी फक्त एवढं लक्षात ठेवलं आहे, की विचारायला पाहिजे. विचारू नका म्हणून तिनं कितीदा सांगून पाहिलं. ते "बरं" म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात येऊन उभे राहतात, तिनं हो म्हणेपर्यंत फोनला हात लावत नाहीत.